रक्तातली शिकार आणि बडीशेपेचा माग

प्रश्न (थोडक्यात, नाव-गाव मुद्दाम वगळलं आहे):

आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला, कम्ब्रियात राहतो. नवरा रुग्णालयात नोकरीला, मी घरून काम करते, मुलगा आठ वर्षांचा. शेजारचे आजोबा पत्नी गेल्यापासून एकटेच आहेत आणि आता मुलीच्या फ्लॅटवर राहायला चालले आहेत. तिथे कुत्रा ठेवता येत नाही. त्यांची सात वर्षांची, शर्यतीतून निवृत्त झालेली ट्रेल हाउंड (माणसाने टाकलेल्या वासाच्या मागावर शर्यत पळणारी कुत्री) आम्ही घ्यावी असं त्यांनी संकोचत विचारलं. मुलगा नाचतोय. पण जूनमध्ये सहा महिन्यांसाठी सासरे येणार आहेत. ते जत तालुक्यातले. फोनवर ऐकून म्हणाले, "शिकारी जात आहे ती. रक्तातच असतं. लेकरू आहे घरात, नको." लंडनची मैत्रीण म्हणते, हीच ती कोल्हे मारणारी ट्रेल हंटिंगवाली कुत्री, असल्या खेळाला हातभार लावू नकोस. आमचं घराणं माळकरी. शिकारीची कल्पनाच मला सहन होत नाही. त्यात मुलाचा एक ससाही आहे. आणि डोंगर पालथे घालणाऱ्या जिवाला सोफ्यावर बसवून ठेवायचं, हाही अन्यायच ना? महिनाअखेर आजोबांना उत्तर द्यायचं आहे.

उत्तर:

तुमच्या मूळ पत्रात 'शिकारी' हा शब्द अकरा वेळा आला आहे. मोजला मी. 'आजोबा' चार वेळा. कुत्रीचं नाव एकदाही नाही. ते आजोबांना विचाराच, पण तोवर मी तिला चंद्री म्हणते, कारण 'ट्रेल हाउंड, ट्रेल हाउंड' असं किती वेळा लिहिणार?

सुरुवात तुमच्या सासऱ्यांपासून करते, कारण त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. जतकडचा माणूस 'शिकारी कुत्रा' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कारवानी असतो. लांबट तोंड, पाठीला चिकटलेलं पोट, काटकुळे पाय. मोकळ्या माळावर ससा उठला की तो दिसतो, आणि दिसला की कुत्रा सुटतो. काय व्हायचं ते डोळ्यांदेखत, मिनिटाभरात होतं. १९७२च्या वन्यजीव कायद्यापासून ती शिकार गुन्हा आहे, पण वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्याआधीच्या किंवा त्याला न जुमानणाऱ्या दिवसांच्या असतात. ज्याने ते पाहिलंय तो नातवाजवळ असा कुत्रा नको म्हणणारच.

फक्त एक गोष्ट आहे. कारवानी हा नजरेचा कुत्रा. चंद्री नाकाची. तिचे कान खाली लोंबतात, तोंड रुंद आहे, आणि डोळ्यांनी काय दिसतं याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. नजरेचा कुत्रा झेप घेतो आणि थकतो. नाकाचा कुत्रा जमिनीवरचा वास धरतो आणि तो वास संपेपर्यंत, कोसच्या कोस, तोंड खाली घालून चालत राहतो. इंग्रजीत दोघांनाही हाउंडच म्हणतात, तिथे घोटाळा होतो. दोघांना एका मापाने मोजू नये, एवढं सासऱ्यांना सांगता येईल. 'तुमचं चुकलं' असं न म्हणता.

आता त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग. चंद्रीच्या पूर्वजा शिकारीच होत्या. कम्ब्रियाच्या डोंगरांत, म्हणजे तिथले लोक ज्यांना फेल म्हणतात त्या उघड्या, दगडी उंचवट्यांवर, फॉक्सहाउंडच्या टोळ्या पिढ्यानुपिढ्या कोल्ह्यामागे जात. ब्लेंकाथ्रा, अल्सवॉटर, मेलब्रेक ही त्या टोळ्यांची नावं त्या-त्या डोंगरावरून किंवा तळ्यावरून पडलेली. १८५४ साली वारलेला जॉन पील हा तिथला शिकारी तर गाण्यामुळे सगळ्या इंग्लंडला ठाऊक झाला. इंग्लंडच्या सपाट मुलखात लाल कोट घालून घोड्यांवरून शिकारीला जायचे ते चित्र इथलं नाही. या कड्यांवर घोडा चालत नाही, म्हणून शिकारी पायी. कोकरं नेणाऱ्या कोल्ह्याचा बंदोबस्त असं मेंढपाळांचं कारण, आणि हिवाळ्यातली करमणूक हे दुसरं, तेवढंच खरं कारण.

त्या फॉक्सहाउंडचं आयुष्य कसं असतं ते पाहिलं की फरक उलगडतो. तो कुणा एकाचा कुत्रा नसतो. तो टोळीचा. मोजदादसुद्धा जोड्यांत होते: पस्तीस कुत्रे असतील तर 'साडेसतरा जोड्या' म्हणतात, पस्तीस म्हणायचं नाही. (ही साडेसतरा मला फार आवडली. आपल्या भाजीवालीला शोभेल.) राहणं कुत्र्यांच्या वाड्यात, खाणं एका लांब कुंडातून सगळ्यांनी मिळून, हुकूम एका माणसाचा. माग सापडला की त्याने ओरडायचं, कारण धुक्यात शिकाऱ्याला टोळी कुठे आहे ते त्या आवाजावरूनच कळतं. आणि त्याने एकट्याने फार पुढे पळायचं नाही. टोळी सोडून शंभर पावलं पुढे गेलेला वेगवान फॉक्सहाउंड हे कौतुक नसतं, ती डोकेदुखी असते. डोंगरातल्या हाउंडला थोडी मोकळीक होती, शिकारी मागे राहिला तर आपलं डोकं चालवायचं; उन्हाळ्यात तर हे कुत्रे आसपासच्या शेतकऱ्यांकडे वाटून राहायला देत. तरी मूळ हिशोब टोळीचाच. या मागाच्या शेवटी एक जनावर असायचं आणि पुष्कळदा त्याचा मृत्यू.

याच कुत्र्यांतून ट्रेल हाउंड निघाले. माझा कुत्रा तुझ्यापेक्षा पळका, ही पैज कुठल्याही गावात लागतेच, आणि कोल्हा काही वेळेवर हजर राहत नाही. मग वासाचा माग माणसानेच टाकायचा. १९०६ साली हाउंड ट्रेलिंग असोसिएशन स्थापन झाली, नियम ठरले आणि खेळाने शिकारीपासून आपली चूल वेगळी मांडली. तेव्हापासून ज्या पिल्लांची निवड होत गेली ती हलक्या हाडाची, लांब टांगांची आणि पहिलं येण्याची ओढ असलेली. केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी तिथली संस्था, फॉक्सहाउंडला जात म्हणून मान्यता देतो, ट्रेल हाउंडला देत नाही. ट्रेल हाउंडवाल्यांचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. त्यांना कान केवढे असावेत याच्याशी कर्तव्य नाही, घड्याळाशी आहे.

हे सगळं मी ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी लँकेस्टरच्या मावसभावाकडे गेले होते तेव्हा तो ऑगस्टमध्ये ग्रासमिअरच्या खेळांना घेऊन गेला. आपल्या जत्रेसारखंच सगळं. एका बाजूला कुस्त्या, तिथल्या पद्धतीच्या, दोघं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून कवेत घेऊन उभे. एका बाजूला डोंगर चढून-उतरून येणाऱ्या माणसांची शर्यत. कडेला पाट्या लावून बसलेले सट्टेवाले. आणि मग हाउंड.

माग टाकायला दोन माणसं जातात. मार्गाच्या मधोमध भेटतात आणि तिथून एक आरंभाकडे निघतो, दुसरा शेवटाकडे. दोघांच्या हातांत दोरीला बांधलेलं चिंधीचं बोचकं, बडीशेपेचं तेल आणि रॉकेल यांत भिजवलेलं. ते ओढत ओढत भिंती ओलांडायच्या, ओढे ओलांडायचे. मोठ्या हाउंडांसाठी मार्ग सुमारे दहा मैलांचा, म्हणजे सोळा किलोमीटर. पहिल्या वर्षाच्या पिल्लांना साधारण निम्मा. आरंभाकडे येणारा माणूस टेकाडावर दिसला रे दिसला, की रांगेत धरलेले पंचवीस-तीस कुत्रे मागच्या पायांवर उभे राहतात. अंगावरचे केस बारीक कातरलेले, पळताना ताप होऊ नये म्हणून. त्यामुळे एकेक स्नायू मोजून घ्यावा असा दिसतो. माणसाने बोचकं रेषेपलीकडे आणलं की पट्टे सुटतात. एक लाट भिंतीवरून पलीकडे जाते, आणि मैदानावर एकदम शांत होतं.

मग अर्धा तास काहीच नाही. लोक दुर्बिणी लावून डोंगर न्याहाळतात, चहा पितात. पहिला कुत्रा पंचवीस मिनिटांच्या आत किंवा पंचेचाळीस मिनिटांनंतर आला तर शर्यतच रद्द, म्हणून घड्याळंही पाहतात. कुणीतरी बोट दाखवतं. समोरच्या हिरव्या उतारावरून पांढरे ठिपके घरंगळत येत असतात. आणि त्या क्षणी, इतका वेळ खिशात हात घालून उभे असलेले ते अबोल म्हातारे एकदम पेटतात. कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी टॉवेल फिरवतंय, कुणी पत्र्याचं वाडगं बडवतंय, प्रत्येक जण फक्त आपल्या कुत्र्याचं नाव घशाच्या शिरा ताणून ओरडतोय. माझ्याशेजारी लोकरी टोपीतल्या एक बाई होत्या. त्यांची हाउंड सातवी आली. त्यांनी तिला कवटाळलं, वाडगं पुढे केलं, त्यात मांसाचे तुकडे आणि मटणाचं पाणी होतं, आणि ती खात असताना तिच्या पोटावरचा चिखल स्वतःच्या बाहीने पुसत राहिल्या.

फॉक्सहाउंडच्या मागाच्या शेवटी कोल्हा असायचा. चंद्रीच्या मागाच्या शेवटी तिचं माणूस असतं, हातात वाडगं घेऊन. दोघांचं नाक एक, पण आयुष्यभर नाकाने काय शोधलं ते निराळं. ओरडण्याचे इथे गुण मिळत नाहीत. टोळीत राहण्याचेही नाहीत, उलट टोळी फोडून एकटं पुढे येण्याचेच मिळतात. आणि वाड्यात पस्तीस जणांत वाढण्याऐवजी हे कुत्रे शेतकऱ्यांच्या, पूर्वी खाणकामगारांच्याही, घरी एक-दोनच असतात, नावाने हाक मारले जातात. टोळीतून निवृत्त झालेल्या फॉक्सहाउंडला घर मिळणं अवघड, कारण घर म्हणजे काय हेच त्याने कधी पाहिलेलं नसतं. चंद्रीने पाहिलं असण्याची शक्यता दांडगी आहे. तरी आजोबांना विचारा: ती स्वयंपाकघरात झोपते की अंगणातल्या खोपटात? दोन्ही पद्धती असतात, आणि तुमच्या गालिच्यांच्या दृष्टीने फरक मोठा आहे.

लंडनच्या मैत्रिणीचं बोलणं नावाच्या सारखेपणातून आलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याची शिकार २००४च्या कायद्याने बंद झाली. कायदा लागू झाला फेब्रुवारी २००५मध्ये. त्यानंतर शिकारी टोळ्यांनी 'ट्रेल हंटिंग' सुरू केलं: आधी माग टाकायचा, बहुधा कोल्ह्याच्याच वासाचा, आणि जुन्या शिकारीसारखंच त्यावर टोळी सोडायची. यात खरा कोल्हा 'चुकून' सापडतो आणि ही कायद्याला दिलेली हूल आहे, असा प्राणिमित्रांचा आरोप आहे. मजूर पक्षाने २०२४च्या निवडणुकीत यावर बंदी घालण्याचं वचन दिलं होतं. मैत्रीण चिडते ती यावर, आणि मला विचाराल तर तिचं चिडणं रास्त आहे. पण चंद्री त्या टोळीतली नाही. तिने आयुष्यभर बडीशेपेचा पाठलाग केला आहे. बडीशेपेचे हाल होत नाहीत.

इथे तुम्हाला एक थोडा बोचरा प्रश्न विचारते, माळकरी म्हणालात म्हणून. चंद्रीने शिकार केली नसली तरी ती मांस खाते. तुमच्या ओट्यावर तो डबा उघडला जाईल, तुमच्या बेसिनमध्ये ते भांडं धुतलं जाईल. चालेल? चालणार नसेल तर तसं स्वतःशी आत्ताच कबूल करा, 'शिकारी रक्त' असं त्याला नाव देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका शाकाहारी घरात अंगणातल्या नळाखाली वेगळी ताटली, वेगळा चमचा, वेगळं कपाट अशी व्यवस्था आहे, आणि बारा वर्षं सुखाने चालली आहे. सात वर्षांच्या कुत्रीला वरणभातावर आणण्याचा प्रयोग मात्र नको. खाण्यात बदल करायचा तो पशुवैद्याला विचारूनच.

आता भीतीकडे. तुम्ही सगळे चंद्रीच्या दातांना घाबरताय. मला काळजी आहे ती ताटाची. विचार करा, या कुत्रीला सात वर्षं काय शिकवलं गेलं? वाडगं दिसलं की सगळं सोडून, सगळ्यांच्या आधी, जिवाच्या आकांताने तिथे पोहोच. तुमचा मुलगा हातात लाडू घेऊन दिवाणखान्यात फिरेल तेव्हा तो लाडू बरोबर तिच्या नाकाच्या उंचीवर असेल. यात वाईट हेतू नाही, पण झडप ती झडपच. म्हणून तिचं खाणं ठरल्या जागी, दाराआड; ती खात असताना मुलाने जवळ जायचं नाही, पाठीवर हात फिरवायलाही नाही. आणि मुलाचं खाणं टेबलाशी बसून. हा नियम ट्रेल हाउंडपुरता नाही, घरात कुठलंही मोठं कुत्रं वयात आल्यावर येणार असेल तर पहिले काही महिने पाळावाच. शिऱ्यातले बेदाणे, कांदा-लसूण घातलेली भाजी, चॉकलेट हे कुत्र्यांना विषासारखं. फराळाचे डबे वरच्या फळीवर. आणि हो, मुखवासाची डबीसुद्धा! आपली बडीशेप आणि विलायती बडीशेप ही दोन वेगळी झाडं असली तरी दोन्हींच्या वासात मुख्य द्रव्य एकच, अ‍ॅनेथॉल. जेवण झाल्यावर सासऱ्यांनी तळहातावर बडीशेप घेतली आणि चंद्री ताडकन उठून त्यांच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली, तर तो हल्ला समजू नका. तिला वाटेल शर्यत सुटली.

सशाचं मात्र मला गोड बोलता येत नाही. शिकार शिकवली नाही याचा अर्थ करणारच नाही असा होत नाही. माग सोडून सशामागे गेलेला कुत्रा शर्यत हरतो, म्हणून असे कुत्रे या खेळात मागे पडत आले, हे खरं. पण मागावर असताना न ढळणं वेगळं आणि मंगळवारी दुपारी रिकामं बसलेलं असताना अंगणात टुणटुण उडी दिसणं वेगळं. ससा आणि चंद्री एका खोलीत, एका गवतावर कधीच मोकळे नकोत. एकमेकांना 'ओळख' करून देण्याचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. पिंजरा भक्कम, मध्ये बंद दार, आणि दाराची जबाबदारी मोठ्या माणसाची. आठ वर्षांच्या मुलावर ती टाकली आणि एक दिवस तो विसरला, तर ससा जाईलच, पण मुलगा ते आयुष्यभर उराशी धरून बसेल. ही शिस्त तुमच्या घरात जमणार नाही असं वाटत असेल, तर चंद्रीला नाही म्हणायला तेवढं एक कारण पुरे.

तिसरी गोष्ट म्हणजे फाटक. वास लागला की नाकाच्या कुत्र्याचे कान बंद होतात. ती पळून जाणार नाही, ती कामाला जाईल. तुम्हाला मात्र ती पळून गेलेलीच दिसेल. कम्ब्रियात चहूकडे मेंढ्या. चंद्री मेंढ्यांच्या कळपांतून पळायला शिकलेली असणार, नाहीतर तिला कुणी डोंगरावर सोडलंच नसतं. तरी आता तिच्यापुढे माग नसणार, आणि तिचा माणूसही नसणार. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्यावर, दुसरा उपाय उरला नसेल तर, शेतकऱ्याने गोळी झाडली तरी तिथला कायदा काही परिस्थितींत त्याच्या बाजूने उभा राहतो. पहिले सहा महिने लांब दोरीशिवाय मोकळं सोडू नका. कुंपण पाहा: या कुत्र्या दगडी भिंती ओलांडत वाढल्या आहेत, तुमचं कमरेएवढं लाकडी फाटक त्यांना पायरी वाटेल. तिच्या अंगातल्या चिपवर नाव-पत्ता तुमचा करून घ्या, आणि गळपट्ट्यावर पत्त्याची पट्टी हवीच, दोन्ही तिथे कायद्याने बंधनकारक आहे. ५ नोव्हेंबरच्या सुमारास, म्हणजे आपल्या दिवाळीच्याच आगेमागे, फटाके वाजतात. त्या आठवड्यात दोरी दुहेरी.

सोफ्यावर बसवणं अन्याय होईल का, हा प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलात. मला वाटतं मनातला खरा प्रश्न तोच. आपण माणसांनाही असंच बघतो. निवृत्त झालेल्या बापाला वाटेल तेवढं झोपू देत नाही, 'तुम्हाला कंटाळा येत असेल' म्हणून फिरायला पिटाळतो. चंद्रीने आपल्या वाटचं पळून झालंय. एप्रिल ते ऑक्टोबर शर्यती, त्यासाठी रोजची मैलोगणती रपेट, हे सगळं तिच्या सांध्यांनी झेललं आहे. तिला रोज दोन वेळा मिळून दीड-दोन तास चालायला हवं, आणि चालताना भरपूर हुंगायला. हुंगणं हाच तिचा पेपर आहे, दर चार पावलांवर दोरी ओढू नका. घरात बडीशेपेची पुरचुंडी लपवून शोधायला लावलीत तर मुलगा आणि ती दोघंही पावसाळी दुपारी दमतील. पळणं कमी झालं की खाणंही हळूहळू कमी करा. शर्यतीच्या खुराकावर बसून राहिलेली हाउंड चार महिन्यांत पिंप होते, आणि मग तुमचा सोफाच नव्हे, तिचं कंबरडंही जातं.

खरा हिशोब दीड-दोन तासांचा आहे, आणि तो कोण भरणार हे पत्रात कुठेच नाही. मुलगा नाचतोय, ठीक. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, पाऊस आडवा येतो. तेव्हा दोरी कुणाच्या हातात? नवऱ्याच्या रात्रपाळीच्या आठवड्यात? तुम्ही दर दोन वर्षांनी महिनाभर भारतात येता, तेव्हा चंद्री कुठे? ती आणखी पाच-सहा वर्षं जगेल असं धरा. शेवटची दोन दवाखान्याची. या प्रश्नांना उत्तरं नसतील तर नकार द्या, आणि लवकर द्या. ट्रेलिंगवाल्यांचं जग छोटं आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. आजोबांना दुसरं चांगलं घर शोधायला वेळ मिळेल. महिनाअखेरपर्यंत त्यांना आशेवर ठेवून मग नाही म्हणणं, हे नकारापेक्षा वाईट.

उत्तरं असतील, तर लगेच 'हो'ही म्हणू नका. आजोबा अजून शेजारी आहेत हे केवढं मोठं भाग्य आहे. चंद्रीला आधी त्यांच्याबरोबर फिरवा, मग त्यांच्याशिवाय. दोन रात्री तुमच्याकडे ठेवा, मग आठवडाभर. त्या आठवड्यात ती दाराशी बसून रडली तर घाबरू नका. तिच्या दृष्टीने तिचा माणूस पलीकडच्याच भिंतीआड आहे. आणि खर्चाचं, विम्याचं, तिच्या जुन्या दुखण्यांचं मोकळेपणाने विचारा. म्हाताऱ्या माणसांचं भिडेपोटी सांगायचं राहून जातं.

सासऱ्यांच्या बाबतीत माझा सल्ला वादाचा नाही, तिकिटाचा आहे. ते जूनमध्ये येतायत, तेव्हा शर्यती भरात असतील. एका शनिवारी त्यांना घेऊन जा, जमलं तर आजोबांच्या सोबतीने. सांगली-कोल्हापूरच्या जत्रांतल्या श्वान शर्यती त्यांना माहीत असणार. मैदान, आरडाओरडा, पैजा, चिखल, काही समजावून सांगावं लागणार नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नसली तरी बिघडत नाही. कुत्र्याची टांग कशी आहे, छाती केवढी आहे, हे दोन म्हातारे हातवाऱ्यांनी बोलतील. त्यानंतरही ते 'नको' म्हणाले तर ते सहा महिने मुलगा आणि चंद्री एकत्र असताना मोठं माणूस खोलीत राहील, एवढा शब्द त्यांना द्या आणि पाळा. तो शब्द तसाही द्यायलाच हवा होता.

आणि एक काम उद्याच करा. आजोबांकडे जा, फोन घेऊन. चंद्री शेवटच्या उतारावर दिसली की ते तिला कसे हाकारायचे ते त्यांना करून दाखवायला सांगा. लाजतील. बसल्या खुर्चीत नाही जमणार म्हणतील. अंगणात चला म्हणा, हातात वाडगं द्या. ती शिट्टी, तिच्या नावाचा तो त्यांच्या तोंडचा लांबवलेला उच्चार, वाडगं आपटण्याचा ठेका, सगळं रेकॉर्ड करून घ्या. मग तुमच्या मुलाला तसंच्या तसं यायला लागेपर्यंत रोज सराव करू द्या, शेजाऱ्यांनी तक्रार केली तरी. कधी फाटक उघडं राहिलं आणि ती डोंगराच्या रोखाने निघाली, तर 'कम हिअर'ने ती वळायची नाही, त्या आवाजाने वळेल. वाडगंही तेच मागून घ्या, पोचे आलेलं. नवीन देऊ करतील, घेऊ नका.